बिलात नवं, बसवलं जुनं आणि मूळचं गायब: माझ्या शेव्हेलच्या कार्बोरेटरची गोष्ट

अमेरिकेत जुनी गाडी दुरुस्तीला देताना बहुतेकांना एकच धास्ती असते, बिल किती फुगवतील. माझं बिल अगदी ठरल्याप्रमाणे आलं. गंडा घातला तो गाडीतून काढलेल्या सामानावर. इकडे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात माझ्या ओळखीतलेच तिघे-चौघे मराठी लोक आता साठच्या-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांच्या नादी लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी शेव्हरोले कंपनीची १९७० ची शेव्हेल मॅलिबू. जाणकार लगेच नाक मुरडतील की एसएस (सुपर स्पोर्ट) नाही, म्हणजे दणकट इंजिनाची खरी मसल कार नाही. मुरडू देत. त्या वर्षी एसएस हवी तर मोठ्या ब्लॉकचं इंजिन घ्यावंच लागे. माझ्या गाडीत ३५० घन इंचांचं छोट्या ब्लॉकचं व्ही-८ आहे. कंपनीने तेव्हा ते ३०० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं, अर्थात त्या काळच्या सढळ मोजणीने. वर बिडाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांत नेणारा भाग, आणि त्यावर ते मिश्रण तयार करणारा, रॉचेस्टर कंपनीचा चार बॅरलचा (चार तोंडांचा) क्वाड्राजेट कार्बोरेटर. दोन्ही कारखान्यातून आलेले, मूळचे.

मूळचे हे कशावरून, तर आकड्यांवरून. क्वाड्राजेटच्या डाव्या अंगाला, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला, एका उभ्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. ७०४० ने सुरुवात म्हणजे १९७० चं मॉडेल. शेव्हरोलेसाठी बनलेल्यात शेवटचा आकडा सम असला तर ऑटोमॅटिक गिअरची गाडी, विषम असला तर हाताच्या गिअरची. शेजारी चार आकड्यांची तारीख. माझ्यावर ३१८९ होती, म्हणजे १९६९ चा ३१८ वा दिवस, १४ नोव्हेंबर. मॅनिफोल्डवर तारीख ओतकामातच येते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. माझ्यावर ‘के ११ ९’, म्हणजे ११ नोव्हेंबर १९६९. गाडी जानेवारी १९७० मध्ये बांधलेली, त्यामुळे सगळं चपखल जुळत होतं. मूळ रूपात गाडी उभी करणारे लोक अशा जुळत्या तारखांच्या सामानासाठी हवे तेवढे पैसे मोजतात. मी विकत घेतानाच या सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते, पुढे तेच कामी आले.

क्वाड्राजेट झिरपत होता. या कार्बोरेटरच्या बुडाशी पेट्रोलच्या विहिरींना बुचं ठोकलेली असतात. ती वय झालं की गळतात. गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उतरून जातं आणि गरम इंजिन पुन्हा चालू करताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, जुन्या रबराचं मातेरं. दुरुस्ती होते, पण ती करणारे हात कमी झालेत. मला गाडी रोज बिनधास्त चालवायची होती, म्हणून ठरवलं की ॲल्युमिनियमचा नवा मॅनिफोल्ड आणि हॉली कंपनीचा ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा) नवा कार्बोरेटर बसवायचा आणि मूळची जोडी तेल लावून फडताळात जपून ठेवायची. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पाना उचललेला चालत नाही, त्यामुळे गॅरेज गाठणं आलं.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. वर्क ऑर्डरवर मी दोन गोष्टी लिहून घेतल्या: सगळे भाग नवे, आणि काढलेलं सामान मालकाला परत. मालकाने हसून सही केली.

गाडी आणायला गेलो तेव्हा इंजिन झकास दिसत होतं. मॅनिफोल्डला शेव्हीचा भगवा-नारिंगी रंग दिलेला. ‘ब्लॉकला शोभेल म्हणून आमच्याकडून फुकट,’ म्हणाला. जुनं सामान? ‘ते कोअर म्हणून परत पाठवलं, नाहीतर तुम्हाला आणखी पैसे पडले असते.’

ज्यांना कोअर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही दुरुस्त करून विकलेला, म्हणजे रीबिल्ट भाग घेता, तेव्हा दुकानदार वर अनामत घेतो. तुमचा जुना भाग परत दिला की अनामत सुटते, कारण तोच जुना भाग उद्या रीबिल्ट होणार असतो. खोक्यातल्या कोऱ्या मॅनिफोल्डवर असा अदलाबदलीचा व्यवहार नसतोच. मग बिलात ‘नवीन’ लिहिलंय तर कोअर कशाचा? आणि कोअर खरंच गेला असेल तर बसवलेलं नवीन कसं? तिथेच हे विचारलं. त्याने खांदे उडवले आणि फोन घ्यायला आत गेला.

घरी येईपर्यंत आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं, डचमळायला लागलं. मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला तर काटा बारा-तेरा इंचांवर थरथरत होता. धडधाकट ३५० समुद्रसपाटीला अठरा-वीस इंच सहज दाखवतं. कुठूनतरी हवा खेचत होतं. मग मंडळातल्या एका काकांना बोलावलं. तरुणपणी पिंपरीला टेल्कोत उमेदवारी केलेला माणूस, आवाजावरून इंजिन ओळखतात. बॉनेट उघडल्यावर त्यांनी आधी आवाज ऐकलाच नाही, मॅनिफोल्डकडे बघत राहिले.

“अरे, ॲल्युमिनियमला रंग कशाला फासलाय?”

“काका, तो म्हणाला ब्लॉकला शोभेल म्हणून.”

“शोभेल कसलं! बोल्टच्या कानाशी बघ. रंगाखाली जुन्या वॉशरच्या कड्या उमटल्यात. नव्या मालावर कड्या कुठून आल्या?”

मग कार्बोरेटर. हॉलीचा लिस्ट नंबर चोकच्या भिंतीवर ठोकलेला असतो. बिलात ८०४५७ लिहिलं होतं, ते इलेक्ट्रिक चोकचं मॉडेल. भिंतीवर निघाला १८५०. तोही ६०० सीएफएमचाच, पण कंपनीतून हाताच्या चोकचा येतो. कुणीतरी वापरलेला १८५० घेऊन त्यावर इलेक्ट्रिक चोकचं किट चढवलं होतं. शेवटी काकांनी डिपस्टिक ओढली. तेलात पाणी मिसळून त्याचा चहा झाला होता.

मी पाना घ्यायला निघालो तर त्यांनी हात धरला. “तू काही उघडू नकोस. आपण उघडलं की तो म्हणणार, तुम्हीच बिघडवलं. दुसऱ्या नोंदणीकृत गॅरेजकडून उघडून घे, लेखी घे. आणि तोवर इंजिन चालू करायचं नाही, बेअरिंगं जातील.” या एका सल्ल्याने माझे पैसे वाचले.

दुसऱ्या गॅरेजने मॅनिफोल्ड उचलला आणि फोटोंसकट अहवाल दिला. कोपऱ्यातल्या पाण्याच्या वाटांभोवती ॲल्युमिनियम गंजून खड्डे पडलेले, ते सिलिकॉन थापून बुजवलेले. तिथून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, थेट इंजिनच्या मधल्या, लिफ्टरच्या खोबणीत आणि तिथून तेलात. पुढच्या-मागच्या कडांना सिलिकॉनची जाड रेघ ओढायची, तर तिथे बुचाच्या पट्ट्या बसवलेल्या आणि मागची पट्टी घसरून बाहेर आलेली. कौतुक याचं वाटलं की जिथे सिलिकॉन हवं तिथे नाही, आणि जिथे नको तिथे भरपूर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी माफ आहे. आपल्याला ते सोयीचं वाटतं, पण त्यामुळे अशा गाडीचं बॉनेट कुठलाही परका तपासनीस कधी उघडत नाही, आणि हे गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

दरम्यान जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत होतो. ७०४० चा क्वाड्राजेट, तारीख ३१८९, ‘अस्सल, डेट-कोडेड’ असा मथळा. फोटोत व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावरचा टवकासुद्धा माझ्या फोटोतल्यासारखाच. मी विक्रेत्याला एक अक्षर कळवलं नाही. पानाचे स्क्रीनशॉट घेतले आणि गप्प बसलो.

तक्रार राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे ऑनलाइन करता येते, त्याला फी नाही. इथल्या कायद्याने आधी लेखी अंदाज द्यावा लागतो. वापरलेला किंवा रीबिल्ट भाग बसवला तर बिलात तसं स्पष्ट लिहावं लागतं. आणि काम देतानाच मागितलं असेल तर काढलेला भाग परत करावा लागतो. वॉरंटी किंवा अदलाबदलीमुळे जो परत पाठवायचा आहे तो निदान दाखवावा लागतो. ‘काम देतानाच’ हे लक्षात ठेवा, गाडी न्यायला आल्यावर मागून उपयोग नाही. तक्रारीला वर्क ऑर्डर, बिल, माझे जुने फोटो, दुसऱ्या गॅरेजचा अहवाल आणि ते स्क्रीनशॉट जोडले. नुकसान मोठं असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच. तिथे वकील उभा करता येत नाही, आणि माणूस स्वतः साडेबारा हजार डॉलरपर्यंत दावा लावू शकतो.

माझ्यावर तिथवर जायची पाळी आली नाही. ब्युरोच्या माणसाने फोन केल्यावर गॅरेजवाल्याला अचानक आठवलं की कार्बोरेटर ‘चुकून’ मागच्या खोलीत राहिला होता. जाहिरातही त्याच आठवड्यात उतरली. सामानाचे पूर्ण आणि मजुरीचे निम्मे पैसे परत आले. दुसऱ्या गॅरेजचा खर्च आणि तेल बदलून इंजिन धुण्याचा खर्च मात्र माझ्याच खिशातून गेला. इंजिन वाचलं.

मॅनिफोल्ड मिळाला नाही. तो विकला गेला असणार. आता नोव्हेंबर १९६९ च्या आसपासच्या तारखेचा दुसरा शोधतोय. कुणाकडे असेल तर किंमत नंतर बोलू, आधी ओतीव नंबर, तारीख आणि चारही कोपऱ्यांतल्या पाण्याच्या वाटांचे फोटो पाठवा, आणि कृपा करून रंग देऊ नका.