राजदूत 350, ट्यूनिंगवाला आणि अदलाबदल झालेले कार्बोरेटर

घरात जुनी राजदूत 350 असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हे वाचा. यामाहाची आरडी 350 फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने 1983 पासून राजदूत नावाने बनवली आणि दशक संपता संपता बंदही केली. तेव्हा पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली. आज तिला लाखांत भाव आहे. जुने पार्ट मात्र त्याहून जोरात विकले जातात, कारण नवा माल येणं कधीच थांबलंय. या बाजारात चोरी करायला अख्खी गाडी पळवावी लागत नाही. गाडी ‘ट्यूनिंग’ला ठेवून घेतली तरी पुरतं.

आमची गाडी मामांची, जुनी एचटी, म्हणजे ‘हाय टॉर्क’ मॉडेल. मोकळ्या रस्त्याला लागली की सुसाट. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत मात्र रडायची. हळू चालवताना झटके द्यायची, आणि थ्रॉटल सोडलं तरी रेस लगेच खाली यायची नाही. दुसऱ्या शहरातल्या एका ट्यूनिंगवाल्याचं सोशल मीडियावर मोठं नाव होतं. अल्ट्रासॉनिक टाकीत बुडबुडणारे कार्बोरेटर, मग एका किकमध्ये सुरू होणारं इंजिन, असे त्याचे व्हिडिओ. नाव सांगत नाही, प्रकरण चालू आहे.

त्याची हातचलाखी कळायला या गाडीची थोडी रचना समजून घ्यावी लागेल. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, प्रत्येकाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा स्वतंत्र कार्बोरेटर. थ्रॉटलच्या मुठीतून एक केबल निघते आणि पुढे तिच्या तीन वाटा होतात: दोन कार्बोरेटरना आणि तिसरी इंजिनात तेल सोडणाऱ्या ऑइल पंपाला. म्हणजे मूठ पिळली की दोन्ही कार्बोरेटरमधल्या स्लाइड (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा) एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत, आणि तेलही त्याच प्रमाणात वाढलं पाहिजे. मूठ नुकती उघडली असते तेव्हा काम असतं पायलट जेटचं (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू), हवा कमीजास्त करणाऱ्या एअर स्क्रूचं आणि स्लाइडच्या खालच्या कापाचं. मधल्या पट्ट्यात नीडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई. मेन जेटची पाळी येते ती मूठ जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. गावात गाडी चालवताना ती वेळ येतेच कुठे? तरी हा माणूस पहिल्या भेटीपासून मेन जेटबद्दलच बोलत होता. “साहेब, मेन जेट वाढवला की गर्दीतही लोण्यासारखी चालेल.” हळू चालताना झटके देणाऱ्या गाडीवर मेन जेट विकणाऱ्यापुढून तिथल्या तिथे गाडी वळवावी, हे आता मी कुणालाही सांगेन.

आणखी एक खूण. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट त्याने पाहिले नाहीत, सिलिंडरमधला दाब म्हणजे कॉम्प्रेशन मोजलं नाही. रेस अडकून राहते म्हटल्यावर गाडी कुठून एअर घेते का हे बघणं पहिलं काम. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या इनटेकच्या रबरावर थोडा कार्ब क्लीनर फवारायचा, आवाज बदलला तर तिथे फट आहे. रबर ठीक असेल तर क्रँकच्या दोन्ही टोकांच्या सीलकडे वळायचं. डाव्या बाजूचं सील गेलं तर सिलिंडर हवा ओढतो आणि तापतो, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल ओढून धूर काढतो. यातलं काहीही न करता त्याने थेट कार्बोरेटर उतरवून घेतले, कारण त्याला हवे होते तेच.

परत मिळाले ते आरशासारखे चकचकीत. अल्ट्रासॉनिकमध्ये धुतलेला जुना माल ओळखू येत नाहीच, आणि त्याच चकाकीत अदलाबदल लपते. पण मामांनी केव्हातरी डाव्या कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलचा (खालच्या पेट्रोलच्या वाटीचा) एक आटा गेल्यावर उद्यमनगरात मोठा आटा पाडून तिथे अ‍ॅलन बोल्ट बसवून घेतला होता. बाकी तीन साधे स्क्रू, एक अ‍ॅलन. परत आलेल्या कार्बोरेटरला चारही साधे. विचारलं तर म्हणतो कसा, “तो आटा आम्ही नीट करून दिला साहेब. त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत.” वर उपकार!

गाडी आता आधीपेक्षा वाईट चालायला लागली. फोन केला की प्रत्येक वेळी नवं कारण. एकदा म्हणाला पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं, त्याने बिघडली. ह्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), जुनं रबरही लवकर कामातून जातं. मुरलेला ठग असलं अर्धं खरं कारण जवळ बाळगून असतो, म्हणजे दोन ठिकाणी विचारलं तरी लोक मान डोलावतात. त्यावर उपाय म्हणून ‘जपानी जेट किट’ आलं, 9,000 रुपये. बिल मागितलं तर जीएसटी वरून लागेल म्हणाला. पैसे यूपीआयने गेले, तेही भलत्याच नावाच्या खात्यात.

शेवटची करामत ऑइल पंपाची. “ऑटोल्यूबचा, म्हणजे आपोआप तेल सोडणाऱ्या ह्या पंपाचा भरवसा नाही. पंप कधी दगा देईल आणि इंजिन बसेल, सांगता येत नाही. टाकीतच टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल मिसळा.” असा सल्ला देणारे प्रामाणिक मिस्त्रीही आहेत, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. पण पंप काढला की तो मालकाच्या हातात द्यायचा असतो. इथे तो ‘खराब होता, भंगारात गेला’. या गाडीचा चालू पंप आज कुणी भंगारात टाकेल?

ह्या सगळ्याचा उलगडा झाला उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींच्या दारात. त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली आणि दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळहात धरून उभे राहिले. डावीकडून जोराचे फुत्कार येत होते, उजवीकडे नुसती गरम फुंकर. आयडलिंगचा डावा स्क्रू भरपूर चढवून एकाच सिलिंडरच्या जिवावर गाडी चालू ठेवली होती, म्हणजे गिऱ्हाईक दुकानातून निघेपर्यंत आवाज ठीक. प्लग काढले. डावा काळा, ओला. उजवा पांढरट. एकाच गाडीचे, एकाच पेट्रोलवरचे दोन प्लग इतके वेगळे कसे? मिस्त्री म्हणाले, “पेट्रोलचा दोष असता तर दोन्ही एकाच रंगाचे झाले असते की.” इथेनॉलचं कारण तिथेच निकालात निघालं.

मग त्यांनी एअर फिल्टरची रबरं काढून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात दोन तर्जन्या घातल्या आणि मला मूठ हळूहळू पिळायला सांगितली. डोळे मिटलेले. “उजवी आधी उठत्या.” केबलची ढील जुळवून त्यांनी दोन्ही स्लाइड एकत्र उचलायला लावल्या. ड्रिलच्या बिटाची सारख्या जाडीची दोन बुडखं स्लाइडखाली सरकवून उंचीही ताडून पाहिली. एवढं करूनही उजवा सिलिंडर रुळेना, तेव्हा स्लाइड बाहेर काढल्या. डावीवर 2.0 कोरलेलं, उजवीवर 2.5. हा आकडा खालच्या कापाचा. आकडा मोठा तेवढा काप मोठा, आणि मूठ थोडी उघडली असताना हवा जास्त. दोन वेगळ्या गाड्यांतले कार्बोरेटर जोडी म्हणून माझ्या गाडीला लावले होते. ते जगातल्या कुठल्याच एअर स्क्रूने जुळले नसते.

‘जपानी’ जेटही पाहिले. अस्सल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन असा बारीक शिक्का असतो. माझ्या जेटवर शिक्का नव्हताच. आकडाही तोंडावर घासल्यासारखा पुसट. मिस्त्रींनी जेट ट्यूबलाइटसमोर धरून भोकातून बघायला लावलं. आत गोल गोल ओरखडे होते. बारीक ड्रिल घालून भोक मोठं केलेलं. असल्या जेटवरच्या आकड्यावर विसंबून कुणी हायवेवर फुल थ्रॉटल दिलं आणि प्रत्यक्षात भोक त्या आकड्याहून लहान निघालं, तर टू-स्ट्रोक इंजिन पातळ मिश्रणावर तापून निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या चढावर मागचं चाक जाम करू शकतं. पैशांचं सोडा, यात माणूस जातो.

मूळ दुखणं काय निघालं? उजव्या इनटेकच्या रबराला चीर. रबर बदललं की संपलं असतं.

काही दिवसांनी जुन्या पार्टच्या एका जाहिरातीत कार्बोरेटरची जोडी दिसली, ‘ओरिजनल, फॅक्टरी फिट’. फोटो मोठा करून पाहिला. डाव्याच्या बाऊलला तीन स्क्रू आणि एक अ‍ॅलन बोल्ट. मिस्त्रींना दाखवला, ते नुसते हसले. तो आटा त्यांनीच पाडला होता.

पोलीस ठाण्यात अपेक्षेप्रमाणे ‘ही दिवाणी बाब आहे’ ऐकायला मिळालं. तिथे दबून परत फिरू नका. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताचा गुन्हा आहे आणि फसवणुकीसाठी कलम 318 आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुसरी वाट ग्राहक आयोगाची, आणि ती मला जास्त सोयीची वाटली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ठगाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत 2 वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडता येतो. जाहिरात दिसली की त्याला फोन करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. माझ्या फोननंतर तासाभरात ती उडाली होती.

गाडी कुणाकडेही द्या, देण्याआधी कार्बोरेटरचे चारही बाजूंनी फोटो काढा. स्लाइडवरचे आणि जेटवरचे आकडे लिहून तोच कागद त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘मिळालं’ असं उत्तर येऊ द्या. ज्याच्या मनात काळं नाही तो रागावत नाही. आमचे मिस्त्री तर म्हणाले, बाऊलच्या आत पंचने एक टिंब मारून ठेवा, कोणाला सांगू नका. काढलेला प्रत्येक पार्ट, अगदी फाटकं गॅसकेटसुद्धा, पिशवीत घालून परत मागा. गाडी परत घेताना दुकानातच दोन्ही सायलेन्सरमागे हात धरा. याला कुठलंही यंत्र लागत नाही, आणि समोरच्याचा चेहराही बघायला मिळतो.

नोटीस गेल्यावर ‘चुकून अदलाबदल झाली’ म्हणत त्याने डावा कार्बोरेटर आणि ऑइल पंप कुरिअरने पाठवला. भंगारातला पंप कुठून उगवला, हे आयोगापुढे विचारायचं आहे. उजवा विकला गेला म्हणतो. तो ज्याने घेतला असेल त्याचा यात काही दोष नाही. अशात कुणी एकटा उजवा कार्बोरेटर घेतला असेल आणि त्याच्या ओव्हरफ्लोच्या नळीला तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतील, तर कृपया कळवा. ती तार मामांची. जे पैसे मोजले असतील ते देऊन मी परत घेईन, फक्त व्यवहाराचा पुरावा तेवढा सोबत द्या.