खारघर स्टेशन ते कॉलेज: भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर एक महिना

गेल्या सेमिस्टरला उद्योजकतेच्या विषयासाठी आम्हा चौघांना एक धंदा कागदावर उभा करायचा होता. आम्ही भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा निवडला. खारघर स्टेशनला उतरायचं, मोबाईलवर कोड स्कॅन करायचा, गाडी कॉलेजच्या गेटपाशी सोडायची. एक गाडी दिवसाला आठ फेऱ्या करेल असं धरलं होतं आणि नफ्याचं गणित छान बसलं होतं. पहिल्याच सादरीकरणात मॅडमनी विचारलं, "साडेआठच्या आत सगळ्या गाड्या कॉलेजकडे गेल्या, मग पावणेनऊच्या लोकलने येणाऱ्या मुलांनी काय करायचं?" चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

म्हणून स्टेशनबाहेर जी सेवा आधीपासून चालू होती, ती महिनाभर रोज वापरायची आणि मगच पुढचं लिहायचं असं ठरवलं. महिना जुलैचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण हा अनुभव एका भागातला आणि एका महिन्याचा आहे.

आधी गाडीबद्दल. बुटकी, हलकी, सीटखाली बॅटरी. मोटर 250 वॅटच्या आतली आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, म्हणून नियमाप्रमाणे ती मोटार वाहनात मोडत नाही. लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट नसते. माझ्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे माझ्यासाठी ही मोठीच सोय. हेल्मेटची सक्ती नसली तरी मी रोज घातलं आणि तुम्हीही घाला. उत्सव चौकाच्या गोलात मागून बस अंगावर आल्यासारखी येते, तेव्हा पंचवीसचा वेग किती कमी पडतो ते कळतं. डावीकडून, सरळ रेषेत चालवायची, मध्येच कट मारायचा नाही. ब्रेक चांगले आहेत, ओल्या रस्त्यावरही एकदाही घसरले नाही. डोंगराच्या बाजूला चढ लागला की मात्र गाडी दमते, आणि बॅटरी कमी असेल तर अगदीच रांगते.

पावसाचा खरा त्रास सीटचा. शिवणीतून पाणी आतल्या फोममध्ये मुरतं. वरून कोरडं पुसून बसलं तरी दोन मिनिटांत ओल वर येते. मी दप्तरात एक जुना पंचा ठेवायला लागले, घडी करून खाली घालायला. हँडलवरच्या कोडचे स्टिकरही पावसाने पांढरे पडतात. स्कॅन झालं नाही तर गाडीचा नंबर टाकून उघडता येते, हे मला दुसऱ्या आठवड्यात एका शाळकरी मुलाने दाखवलं.

पैशांचं सांगायचं तर नऊ-दहा मिनिटांच्या फेरीला मला शेअर रिक्षाच्या सीटपेक्षा सात-आठ रुपये जास्त पडायचे. उशीर झालेला असताना आणि रिक्षाची रांग पुलाच्या जिन्यापर्यंत गेलेली असताना ते मी आनंदाने दिले. रोज दोन्ही वेळा परवडणार नाही.

आता तक्रार. मेट्रोच्या पुलाखाली गाडी लावली की ॲपला वाटतं मी रस्त्यापलीकडे आहे. डोक्यावर काँक्रीट असलं की जीपीएसचा ठिपका भरकटतो, हे समजण्यासारखं आहे. पण ॲप म्हणणार, "इथे राइड संपवता येणार नाही", आणि मिनिटं मोजली जाणार. एके दिवशी मी पट्टे आखलेल्या जागेत उभी राहून अकरा मिनिटं गाडी पुढे-मागे ढकलत होते आणि त्या अकरा मिनिटांचे पैसे कापले गेले. फोटोसकट तक्रार केली, पैसे सहाव्या दिवशी परत आले. आले हे चांगलं, पण पहिलं सेमिस्टर संपवायला धडपडणाऱ्या एखाद्या मुलाच्या वॉलेटमध्ये तेवढेच पैसे असतील, तर पुढचे सहा दिवस तो गाडी घेऊ शकत नाही. पुलाखालच्या जागा ॲपमध्ये थोड्या सैल आखायला हव्यात, एवढं साधं काम आहे.

मॅडमच्या प्रश्नासाठी आम्ही तीन सकाळी स्टेशनबाहेर उभं राहून गाड्या मोजल्या. साडेसातला चौदा. आठ दहाला पाच, त्यातल्या दोघींची बॅटरी लाल. साडेआठला शून्य. आणि त्याच वेळी कॉलेजच्या गेटवर एकोणीस गाड्या दुपारपर्यंत उभ्या. आमच्या आठ फेऱ्यांचं गणित तिथेच गेलं. गाडी एकदा जाते आणि तिथेच बसते, कारण सकाळी कॉलेजहून स्टेशनला कोणीच जात नसतं.

एका रात्री बॅटरी बदलणारे दादा भेटले. तीनचाकी टेम्पोत बॅटऱ्यांचे क्रेट. सीट उचलायची, जुनी बॅटरी ओढायची, नवी बसवायची, सीट खाली. मी घड्याळ लावलं होतं, चाळीस सेकंदही लागले नाहीत. मी म्हटलं, "दादा, मग तर रात्रीत शंभर होत असतील." ते म्हणाले, "बदलायला कुठे वेळ लागतो ताई, शोधायला लागतो. ॲपवर दिसते रस्त्यावर, असते सोसायटीच्या आत. वॉचमन सोडत नाही." त्या रात्री एका गाडीसाठी ते वीस मिनिटं फिरले. ती एका इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबामागे, कुणाच्या तरी सायकलला टेकवून ठेवलेली होती. आमच्या तक्त्यात बॅटरीचा खर्च होता, विजेचा होता, विम्याचा होता. गाडी शोधत फिरणाऱ्या माणसाचा नव्हता. ही सेवा ज्या दिवशी चांगली वाटते, त्या दिवशी हा माणूस रात्रभर फिरलेला असतो. हे आता मला पक्कं माहीत आहे.

पॅरिसची स्लाइड आम्ही आधी शोभेसाठी घातली होती. तिथे उभ्याने चालवायच्या भाड्याच्या ई-स्कूटर होत्या, तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे 15,000. 2 एप्रिल 2023 ला शहराने मतदान घेतलं. मतदार जेमतेम आले, पण आलेल्यांपैकी 89 टक्क्यांनी नको म्हटलं आणि ऑगस्ट संपता संपता गाड्या हटल्या. फुटपाथवर आडव्यातिडव्या पडलेल्या गाड्या आणि अपघात, हा तिथल्या लोकांचा मोठा राग. महिनाभरानंतर ती स्लाइड मी वेगळ्या नजरेने वाचली. आपल्याकडेही अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या, उठावाच्या फरशांवर गाडी लावलेली मी चार वेळा पाहिली. पांढरी काठी घेऊन येणारे एक काका तिथे अडखळून थांबले, हाताने हँडल चाचपलं आणि बाजूने रस्त्यावर उतरले. मी पळत जाऊन गाडी सरकवली. त्या दिवसापासून गाडी लावताना आधी खाली फरशी बघते. ॲप शेवटचा फोटो मागतंच, तर फरशीवरच्या गाडीची राइड संपू देऊ नये.

पाचपैकी साडेतीन. संध्याकाळी लायब्ररीतून सातला निघत असाल तर जरूर घ्या. गेटवर गाड्या असतात, वारा असतो, स्टेशन दहा मिनिटांत. सकाळी आठनंतरच्या लोकलने येत असाल तर तिच्या भरवशावर राहू नका, सरळ रिक्षाच्या रांगेत लागा.

आमच्या सुधारलेल्या तक्त्यात आता दिवसाला चार फेऱ्या आहेत, दोन माणसांचा रात्रपाळीचा पगार आहे आणि आठ वाजता कॉलेजच्या गेटवरून पंधरा गाड्या उचलून स्टेशनला आणणाऱ्या टेम्पोचं भाडं आहे. पहिल्या वर्षी तोटा दिसतो. मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला आणि टेम्पोच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली.