भरतीची वही की कवितेची?

सुट्टीत तिसरी-चौथीच्या मुलांकडून घरी काय करून घ्यावं? आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

भरतीची वही आखायला सोपी. तारीख, तिथी, पूर्ण भरतीची वेळ. आपल्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून वेळ सांगतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पाऊणकीचा पाढा इतका उपयोगी पडताना मुलांना दुसरीकडे कुठे दिसणार? भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, हे ती पंधरवड्यात स्वतःच शोधून काढतात. पाण्याजवळ जाताना मात्र मोठं माणूस सोबत हवंच.

कवितेच्या वहीला धीर लागतो. "समुद्रावर कविता लिही" म्हटलं की मूल 'निळा निळा' लिहून थांबतं. त्यापेक्षा ओहोटीला बारक्या कुर्ल्यांनी बिळाभोवती मांडलेले वाळूचे गोळे दाखवा. काय दिसलं ते बोलू द्या, आणि तेच उतरवा. आमच्या घरी एवढंच निघालं:

पाणी आलं, पाणी गेलं,
कुर्लीचं घर पुसून नेलं.

त्या वेळी शुद्धलेखन तपासू नका, खरंच. घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीतच लिहू द्या.

एकच निवडायची तर तिसरीपर्यंत मी कविता घेईन, कारण ती तोंडी रचता येते. चौथीला भरतीची वही आधी. आमच्याकडे वरच्या दोन ओळी षष्ठीच्या नोंदीशेजारी, समासातच लिहिलेल्या आहेत.