कारागिराले काऊन दोष देता? रोडवरच्या आमच्या हॉटेलबद्दल, मॅचसकट

5 पैकी अडीच स्टार देतोय, आणि देताना खरंच जिवावर येतंय, कारण दहा वर्षांआधी कोणी विचारलं असतं तर मी पाचाच्या खाली आलोच नसतो. नाव लिहत नाही. मोर्शी-वरुडकडं रात्री संत्र्याचे ट्रक जिथं थांबतात अशी बरीच हॉटेलं आहेत, त्यातलं एक समजा, जे तिथं बसतात त्यांना दोन ओळींत समजेल.

आम्ही पोट्टे तिथं कायले जायचो ते पहिले सांगतो. माल तोडून, क्रेट भरून गाडी निघायला रात्र होते, म्हणून हॉटेल रात्रभर चालू, आणि हॉटेल रात्रभर चालू म्हणून इंग्लंडमधल्या फुटबॉलची मॅच पाहायला आमच्या भागात तेवढी एकच जागा. तिकडची दुपारी तीनची मॅच हिवाळ्यात आपल्याकडं साडेआठला लागते, साडेपाचची अकराला, आणि युरोपातल्या मॅचा तर मध्यरात्र उलटल्यावर, एवढ्या रात्री घरी टीव्ही लावला की माय उठून बसते. 2008 ची चॅम्पियन्स लीगची मॉस्कोची फायनल मी तिथंच पाहिली, पावसात चेल्सीचा जॉन टेरी पेनल्टी मारताना घसरला, शेवटी मँचेस्टर युनायटेडच्या व्हॅन डर सारनं अनेल्काची पेनल्टी अडवली आणि जुन्या मालकांनी, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, सगळ्यांना चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी मँचेस्टर युनायटेडचा, आणि त्या हॉटेलचाही.

आता तर्री पोहे, कारण लोक शेवटी त्याच्यासाठीच येतात. जुन्या कारागिराची, म्हणजे आचाऱ्याची, तर्री अशी होती की चने आदल्या संध्याकाळी भिजायचे, पहाटे चारला कढई चढायची, मसाला पाट्यावर वाटलेला, वर लाल तवंग, पोह्यांवर ओतली की पोहे गिळगिळीत नाही व्हायचे, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, कांदा, लिंबाची फोड. तिखट असायची पण पोटात जळायची नाही. आता काय मिळते? चने भिजवतच नाहीत, सोडा टाकून कुकरला लावतात, एकतर टणक नाहीतर पार पिठूळ, मसाला पाकिटातला, आणि सकाळी आठ वाजता जी तर्री ताटात येते ती रात्रीचीच गरम केलेली असते हे पहिल्या घासाला कळतं. आलूबोंडा अजून बरा आहे. चहा चांगला आहे, चहाचे पूर्ण मार्क.

झालं काय, काका थकले, पोरगा पुण्यात नोकरीला, सात-आठ वर्षांआधी त्यांनी हॉटेल विकलं. नवीन मालकानं बरंचसं कर्ज काढून घेतलं आणि हप्ता जातो तो हॉटेलच्या गल्ल्यातून. म्हणजे ज्या गल्ल्यातून आधी तेल, चने, कारागिराचा पगार जायचा त्याच गल्ल्यातून आता बँक पहिले घेते, उरलं तर कढईला. दर्शनी भागाला टाइल लागल्या, लायटिंगचा बोर्ड लागला, 55 इंची टीव्ही आला, भटारखान्यातली चिमणी मात्र तशीच फुटकी. आणि सगळ्यात आधी काय बंद झालं तर टेबल पुसणाऱ्या पोट्ट्यांचं दुपारचं जेवण. हे मला फार लागलं बाप्पा, काकांच्या काळात ते पोट्टे आणि गिऱ्हाईक एकाच भांड्यातलं खायचे.

तेव्हापासून पाच कारागीर झाले. दर वेळी तर्री बिघडली की गावातले म्हणतात याच्या हातात चवच नाही, मालकही तेच म्हणतो, कारागीर जातो, नवीन येतो, पहिले पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

2025 च्या मे महिन्यातली युरोपा लीगची फायनल आम्ही इथंच पाहिली, बिलबाओला होती, आपल्याकडं रात्रीचे साडेबारा, ऊन असं की मध्यरात्रीही कूलरची हवा गरम. टॉटनहॅमनं आपल्या युनायटेडला 1-0 हरवलं. आणि ते टॉटनहॅम त्या वर्षी लीगमध्ये 17 वं होतं, आपण 15 वे. ज्या क्लबनं 20 वेळा लीग जिंकली तो 15 वा. मॅच संपल्यावर कोणी उठलंच नाही, वाद सुरू झाला. आमच्यात एक रिटायर सर आहेत, ते म्हणाले, "कोचच्या डोक्यात गोंधळ आहे, त्याले काढा." एक पोट्टा म्हणे, "सर, कोच काय करीन, खेळाडूच माजले." मी म्हटलं, सर, 2013 ला फर्ग्युसन गेल्यावर कोच म्हणून मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, रॅंगनिक, टेन हाग, अमोरिम, चार मॅचपुरते सांभाळणारे सोडूनही सात झाले, सातही जण एकाच जागी येऊन बिघडले काय? व्हॅन गालनं 2016 ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला घरी पाठवलं. आपण या हॉटेलात बसून कोणाले कोणाले शिव्या देऊन रायलो?

सर गप्प झाले नाहीत, ते कधीच होत नाहीत, ते म्हणाले, "मालकानं पैसा तर ओतला ना, पोग्बा 8.9 कोटी पौंडाले, मॅग्वायर 8 कोटीले, अँटनीले साडेनऊ कोटी युरो." बरोबर आहे, ओतला. पण कोणाच्या सांगण्यावरून? 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबानं जवळपास 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा पैसा उसना, आणि त्या कर्जाचा भार क्लबच्याच डोक्यावर टाकला, ज्या क्लबवर त्याआधी कर्ज नव्हतं. 2013 ला फर्ग्युसनसोबत क्लबचा कारभार पाहणारा डेव्हिड गिलही गेला आणि खेळाडू विकत घ्यायची सूत्रं एड वुडवर्डकडं आली, जो मूळचा बँकेतला माणूस, क्लब विकत घेताना ग्लेझरना सल्ला देणारा. फुटबॉल डायरेक्टर म्हणून कोणाला नेमायला 2021 उजाडलं! तोपर्यंत प्रत्येक कोचनं आपापल्या आवडीचे आणले आणि पुढच्याला ते नको होते. मोठा टीव्ही घ्यायला पैसा आहे पण चने कोणते घ्यायचे हे कढईजवळ उभं राहणाऱ्याला कोणी विचारतच नाही, तसंच झालं हे. मग 2024 ला रॅटक्लिफ साहेब हिस्सेदार म्हणून आले, अडीचशेच्या आसपास लोकांना कामावरून काढलं, पुढच्या वर्षी कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवणही बंद. ते वाचलं तेव्हा मला हे टेबल पुसणारे पोट्टेच आठवले. चूक वर बसणाऱ्यांची आणि ताट ओढलं खालच्यांचं.

खेळाडू माजले म्हणणाऱ्यालाही माझं एकच उत्तर. स्कॉट मॅकटॉमिने. आपण त्याला 2024 च्या ऑगस्टमध्ये नापोलीला विकलं, त्याच हंगामात नापोली इटलीची चॅम्पियन झाली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला तो मॅकटॉमिने. अँटनी स्पेनमधल्या बेतिसला गेला आणि तिथं खेळायला लागला. एक जण बाहेर जाऊन चमकला तर नशीब म्हणू, पण लागोपाठ दोघं? आणि हे मला सांगायची गरजच नाही, कारण आमचा जुना कारागीर, ज्याला "हात बसला आता याचा" म्हणून काढला, तो तिथून तीन किलोमीटरवर फाट्याजवळ हातगाडी लावतो. तीच तर्री. तोच तवंग. चने भिजवलेले.

काकांचीही थोडी चूक मी धरतो, मनाला लागतं तरी धरतो. तीस वर्षं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, कोणता व्यापारी, कोणतं तेल, कोणाला उधारी द्यायची, आणि जाताना त्यांनी हे कोणालाच शिकवलं नव्हतं. फर्ग्युसनचंही तसंच, 1986 ते 2013, 13 वेळा लीग, पण मागे टीम ठेवली ती म्हातारी होत आलेली, गिग्ज 39 चा, फर्डिनंड 34 चा, स्कोल्स सोबतच रिटायर. मोयेसला पहिल्या उन्हाळ्यात मोठा खेळाडू म्हणून मिळाला एकटा फेलेनी, तोही शेवटच्या दिवशी. पण काकांची चूक एका वर्षाची, फार तर दोन वर्षांची. हॉटेलची सात-आठ वर्षं काकांवर नाही ढकलता येत, आणि क्लबची बारा वर्षं फर्ग्युसनवर नाही.

बाकी हॉटेलची माहिती ज्याला पाहिजे त्याच्यासाठी: तर्री पोहे 30 रुपये, प्लेट आधीपेक्षा लहान. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही तासभर चालतो, पंखे नाही. मागच्या बाजूनं पत्रे गळतात, पावसाळ्यात तिसऱ्या टेबलावर बसू नका. बाया-लेकरांना घेऊन जाणार असाल तर बाथरूम पाहूनच ठरवा. जे पोट्टे काम करतात ते लय चांगले आहेत, त्यांच्यावर आवाज चढवू नका, तर्री त्यांनी नाही केली. आत्ताचा कारागीर भंडाऱ्याचा आहे, मी त्याला विचारलं तर म्हणे, "भाऊ, चने भिजवाले मी रोज सांगतो, पण माल सकाळीच आणते मालक, तोही त्या दिवसापुरताच." तर त्याला शिव्या घालणारे जे रिव्ह्यू टाकतात त्यांनी एकदा गल्ल्यावर जाऊन बोलावं, मी दोनदा बोललो, मालकानं ऐकून घेतलं आणि बिल पुढं केलं.

अडीच स्टार आहेत ते टीव्ही, चहा आणि त्या पोट्ट्यांचे. आम्ही सध्या असं करतो की मॅचच्या दिवशी संध्याकाळी आधी फाट्यावर जुन्या कारागिराकडं पोटभर खातो, तिथं टीव्ही नाही, बल्बही एकच आहे, आणि मग गाडीवर बसून हॉटेलात येतो, चहा सांगतो, मॅच पाहतो. मागच्या वेळी आम्ही निघताना त्यानं कढई झाकली आणि विचारलं, "आज कोणासंग आहे आपली?"