किचन थर्मामीटर: नागपूरच्या घरात कुठे कामाचा, कुठे बिनकामाचा

स्टीलची वीतभर सळई, वर छोटा डिजिटल डबा आणि आत एलआर४४ चा सेल. साधारण ३०० ते ६०० रुपयांत ऑनलाइन मिळणारा हा थर्मामीटर केक करणाऱ्यांसाठी असतो, असा समज आहे. नागपुरात मार्च ते जूनमध्ये त्याचे पैसे खरे वसूल होतात, तेही गॅस बंद केल्यानंतर.

आधी बिनकामाच्या जागा सांगून टाकतो. वरण, भाजी, खदखदणारा रस्सा यांत सळई बुडवायची गरज नाही. उकळी फुटली की काम झालं. कुकरमध्ये तर तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. शिजवताना उपयोग होतो तो जाड तुकड्यांना: तंदुरी लेग, तव्यावरची चिकन, खिम्याचे कबाब. चिकन मधोमध ७४ अंश आणि खिमा ७१ अंश झाला पाहिजे. वरून करपलेली लेग आत हाडाजवळ कच्ची राहू शकते. सळई सगळ्यात जाड भागात घाला, पण हाडाला टेकवू नका. टेकली तर मांसाचा खरा आकडा कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. ५ ते ६० अंश हा अन्नातल्या जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेलं अन्न या पट्ट्यात नुसतं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि भोवतालची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात नागपूरचं स्वयंपाकघर रात्री अकरालाही ३२ च्या खाली येत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. तो टोकाचा दिवस होता, पण ४४-४५ अंश दर उन्हाळ्यात ठरलेलेच. अशा घरात "ओट्यावर ठेवा, गार होईल, मग फ्रिजमध्ये टाकू" हे होतच नाही. रस्सा ६० वरून घसरत चाळिशीत येतो आणि तिथेच रेंगाळतो. बोट बुडवून पाहणाऱ्याला तो कोमट लागतो, म्हणजे निवत आला असं वाटतं. थर्मामीटर ४४ दाखवतो, आणि मटणाच्या रश्श्यासाठी याहून वाईट आकडा नाही.

कारण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू. याचे बीजाणू, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, उकळीतही तगतात. रस्सा निवायला लागला की ते जागे होतात आणि ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान दर दहा-बारा मिनिटांना दुप्पट होतात. त्यांना हवा नको असते, त्यामुळे खोल गंजाचा (उभ्या पातेल्याचा) तळ त्यांना फार मानवतो. सावजी मटणाच्या गंजात आणखी एक अडचण असते ती तर्रीची. वरचा तेलाचा थर वाफ अडवतो आणि रस्सा निवायला जास्त वेळ लागतो. मसाला जहाल आहे म्हणून काही बिघडत नाही, हा समज सोडून द्या. तिखटाने हे जिवाणू मरत नाहीत. सकाळी रश्श्याला वासही येत नाही, आंबटपणाही नसतो. पोटात कळा आणि जुलाब मात्र खाल्ल्यानंतर ६ ते २४ तासांत सुरू होतात.

निववायची पद्धत अशी. जेवणं आटोपताच उरलेला रस्सा पसरट भांड्यांत काढा, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको. ही भांडी मोठ्या टोपात किंवा टबात ठेवा आणि भोवती पाणी व बर्फ घाला. नळाचं पाणी वापरून उपयोग नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी उन्हाळ्यात स्वतःच तापलेलं असतं. माठातलं पाणी चालेल. दोन लिटर रस्सा ६० वरून २१ अंशांवर आणायला जवळपास एक किलो बर्फ वितळतो, म्हणजे ट्रेमधले चार खडे टाकून काही होणार नाही. लिटरभराच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये कायम गोठवून ठेवा, दर वेळी त्याच वापरा. पाच-पाच मिनिटांनी ढवळा आणि सळई मधोमध धरून आकडा बघा. दोन तासांच्या आत २१, तिथून फ्रिजमध्ये पुढच्या चार तासांत ५, हे लक्ष्य. फ्रिजमध्ये पहिले काही तास झाकण किंचित उघडं राहू द्या. गंज कूलरसमोर ठेवून निववू नका. टाकीत साठलेल्या पाण्याचे तुषार आणि धूळ थेट अन्नात जाते.

दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा ७४ अंश, मधोमध. कडेला बुडबुडे आले म्हणजे मधला भाग तापला असं नाही, म्हणून ढवळून मोजा. पण गरम करणं हा सगळ्यावर इलाज नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू जे विष तयार करतो, ते फोडणीच्या कढईत मोडत नाही. वडाभाताचा उरलेला भात असो की साधा, परातीत पसरा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्याच दिवशी संपवा.

फ्रिज तपासायला हाच थर्मामीटर पुरतो. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या त्यात सळई बुडवा. नुसती हवा मोजू नका, दार उघडलं की तिचा आकडा उड्या मारतो. ५ किंवा कमी आलं तर ठीक. ८-९ येत असेल तर मेकॅनिकला बोलवण्याआधी चार गोष्टी बघा: नॉब हिवाळ्याच्याच आकड्यावर राहिलाय का, मागच्या बाजूला हवा खेळायला जागा आहे का, जुन्या फ्रिजमध्ये बर्फाचा जाड थर साचलाय का, आणि दाराचं रबर धरतंय का. रबरासाठी दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं. दाराचा कप्पा नेहमीच मधल्यापेक्षा गरम असतो, दूध तिथे ठेवू नये. वादळात वीज गेली तर बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास तग धरतो. त्यानंतर अंदाज नको, सळईने मोजा.

दही लावणाऱ्यांना जाता जाता: दूध ४० ते ४३ अंशांवर आलं की विरजण घाला. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं, लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

घरी आल्यावर आधी थर्मामीटरच तपासा. पेलाभर बर्फाचा चुरा, वरून पाणी, तीन-चार मिनिटं थांबून ढवळा आणि सळई तळाला न टेकवता धरा. ० किंवा एखादा अंश इकडेतिकडे यायला हवा. उकळत्या पाण्यात नागपूरला ९९ येईल. शहर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं उंच असल्याने इथे पाणी तेवढ्यालाच उकळतं. १०० दाखवत नाही म्हणून माल परत करू नका. फरक पक्का दोन अंशांचा असेल आणि दुरुस्तीचं बटण नसेल, तर डब्यावर चिकटपट्टी लावून फरक लिहून ठेवा.

स्वस्त थर्मामीटरची दुखणी ठरलेली आहेत. वाफेवर धरला की डब्यात ओल शिरते आणि पडदा पुसट होतो. 'होल्ड' चुकून दाबलं जातं आणि आकडा गोठतो. सेल्सियसचं फॅरनहाइट होतं; चिकनला ७४ च्या जागी १६५ दिसलं तर घाबरू नका, दोन्ही एकच. सगळ्यात घाणेरडी जागा म्हणजे सळईची प्लास्टिकची म्यान. ओली सळई त्यात खोचली की आत पाणी साचतं. कच्च्या चिकनमध्ये घातलेली सळई साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, वाळवूनच दुसऱ्या अन्नाला लावा. डबा नळाखाली धरायचा नाही. आयपी६७ (म्हणजे पाणी आत न शिरणारा) लिहिलेला असेल तरच ती सवलत.

घेताना घडी होणारी, बारीक टोकाची सळई आणि ४-५ सेकंदांत स्थिरावणारा आकडा बघा. २०० रुपये जास्त गेले तरी चालतील. बंदुकीसारखा इन्फ्रारेड मात्र या कामासाठी घेऊ नका. तो फक्त पृष्ठभाग मोजतो, चकचकीत स्टीलवर हमखास चुकतो आणि गंजावर धरला तर तर्रीचं तापमान सांगतो, खालच्या रश्श्याचं नाही.