‘गोल्ड’ लेखक पॅकेज : चौदा महिन्यांनंतरची मोजणी

‘पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीचं पॅकेज घेऊ का?’ असं विचारणारे चार-पाच जण गेल्या महिनाभरात भेटले. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव देत नाही. अशा कंपन्या बऱ्याच आहेत आणि त्यांची माहितीपत्रकं एकमेकांवरून उतरवल्यासारखी दिसतात, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. सातारा जिल्ह्यात बावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. मोजणीच्या लोखंडी साखळीपासून उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंत सगळं पाहिलं. बांधावर काय काय घडतं, भाऊ-भाऊ वीतभर जमिनीसाठी कसे उभे राहतात, त्यावर लेख लिहीत गेलो. ते झाले चोवीस. दोन चांगल्या प्रकाशकांकडे पाठवले. एकाने सात महिन्यांनी साभार परत केले, दुसऱ्याकडून काहीच आलं नाही. अशातच मोबाइलवर जाहिरात दिसली : ‘तुमचं पुस्तक ४५ दिवसांत. १०० टक्के रॉयल्टी.’ फॉर्म भरला आणि वीस मिनिटांत फोन. ‘सर, तुमचं लेखन आमच्या संपादक मंडळाने निवडलंय.’ वीस मिनिटांत चोवीस लेख वाचणारं मंडळ! हसायला हवं होतं. मी घरात पेढे आणले.

‘गोल्ड’ पॅकेज ३८,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५,४३०. त्यात संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), ‘बेस्टसेलर कॅम्पेन’ आणि लेखकाला ३० प्रती.

आधी चांगलं सांगतो. मुखपृष्ठ खरोखर छान झालं, बांधावरचा खुणेचा दगड, मागे ऊस. ४५ नाही, पण ५८ दिवसांत पुस्तक हातात आलं. पार्सल नीट बांधलेलं होतं. स्वतःचं नाव छापलेलं पाहून जे होतं ते मला झालं, ते नाकारणार नाही. बायकोने देव्हाऱ्यासमोर ठेवून हळद-कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं.

मी फाइल युनिकोडमध्ये दिली होती. त्यांनी ती जुन्या फॉन्टमध्ये वळवली आणि त्या गडबडीत ‘ऱ्या’चं ‘र्या’ झालं. पहिल्याच पानावर ‘शेतकर्याने’. मग ‘दुसर्या’, ‘अधिकार्याला’, ‘किनार्यावर’. पुस्तकच शेतकऱ्यांवर, तेव्हा तो शब्द पानोपानी. लाल पेन घेऊन बसलो, २१२ चुका मोजल्या. मोजायची सवयच आहे. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, मीही पाहिलं होतं, हे कबूल. पण मोबाइलवर, पीडीएफमध्ये, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. ज्या ‘संपादकां’नी ते पाहिलं असं सांगितलं होतं, त्यांना मराठी येत होतं का, अशी शंका आहे. फोन केला तर उत्तर, ‘सर, तुमच्या प्रूफच्या दोन फेऱ्या संपल्या. आता प्रत्येक पानाला १५ रुपये.’ १६८ पानं, २,५२० रुपये. भरले. फेब्रुवारीत दुरुस्त फाइल आली, तीत ‘ऱ्या’ सुधारले होते आणि तीन लेखांचे शेवटचे परिच्छेद गायब होते.

आता मुख्य गोष्ट, रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारे पैसे. १०० टक्के कशाच्या, हे मी विचारलं नव्हतं. कंपनीकडच्या माझ्या लेखक-खात्यात एका प्रतीचा हिशेब असा आहे : छापील किंमत २९९ (मी १८० म्हणत होतो, त्यांनी ठरवली). विक्री कमिशन ५० टक्के, १४९.५०. छपाई खर्च ११८. हाताळणी १४. उरले १७.५०. या साडेसतरा रुपयांचे १०० टक्के माझे. शब्दाला शब्द खरा आहे, खोटं कोणी बोललेलं नाही. नंतर कराडच्या एका छपाईवाल्याकडे पुस्तक घेऊन गेलो. तोच कागद, तशीच परफेक्ट (गोंदाने चिकटवलेली) बाइंडिंग, २०० प्रतींना त्याने ७८ रुपये प्रत सांगितली. मग ११८ मधले चाळीस कुठे गेले? ते कुणाची ‘रॉयल्टी’, हे हिशेबात लिहिलेलं नाही.

प्रकाशन समारंभासाठी मी आणखी १०० प्रती घेतल्या. ‘लेखक सवलत’ ३० टक्के, म्हणजे एक प्रत २०९.३०. एकूण २०,९३०. यावर रॉयल्टी नाही, करारात तसं आहे. थोडक्यात, कंपनीच्या सगळ्यात मोठ्या विक्रीचा ग्राहक मीच. समारंभात २९९ ला कोणी हात लावेना, म्हणून १५० ला विकल्या. ३७ गेल्या. ३२ वाटल्या. ६१ माळ्यावर आहेत.

‘बेस्टसेलर’चा किस्सा वेगळाच. एका शनिवारी फोन, ‘उद्या सकाळी अकरा ते बारा या वेळातच ओळखीच्यांना ऑनलाइन विकत घ्यायला सांगा.’ चार जणांनी घेतलं. बारा वाजता स्क्रीनशॉट आला : अमुक एका उपविभागात पहिला क्रमांक! त्या विक्री याद्या तासातासाला बदलतात, आणि आमचा उपविभाग इतका कोनाड्यातला की तिथे चार प्रती म्हणजे मोर्चा. दुपारी चहाला पुन्हा पाहिलं तर नाव नव्हतं. पण स्क्रीनशॉट कायमचा. त्यांच्या जाहिरातीत आता मी ‘बेस्टसेलर लेखक’ म्हणून झळकतो, आणि बहुधा त्यावर भुलूनच तुमच्यातल्या कुणीतरी मला फोन केला.

आयएसबीएनबद्दल : पॅकेजमध्ये ‘मूल्य २,९९९, तुम्हाला मोफत’ असं लिहिलेलं. भारतात आयएसबीएन केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते, आणि ती सगळ्यांनाच मोफत देते. लेखक स्वतःच्या नावावरही घेऊ शकतो. यांनी घेतला तो अर्थात यांच्या नावावर. तसंच कॉपीराइट नोंदणीचं. ७,५०० चा ‘ॲड-ऑन’. ते तेवढं मी घेतलं नाही, नशीब. कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे.

आणखी एक. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. त्यात मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीही आहे. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून कधीतरी आपलं पुस्तक मागवून बघायचं, अशी माझी एक खुळी इच्छा. प्रती पाठवल्या का, विचारलं. ‘सर, ते प्लॅटिनममध्ये येतं.’ म्हणजे ‘गोल्ड’च्या वरच्या पॅकेजमध्ये.

करारावर येतो, कारण इथे चूक माझी आहे. बांधावर भांडण लागलं की मी दोन्ही बाजूंना एकच सांगतो, आधी कागद दाखवा. आणि स्वतःच्या वेळी चौदा पानांचा इंग्रजी करार न वाचता ओटीपी सांगून मोकळा झालो. नवव्या पानावर होतं : सर्व भाषा, सर्व माध्यमं, सर्व जग, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीपर्यंत. ही मुदत म्हणजे लेखकाचं आयुष्य आणि वर ६० वर्षं. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुणाचं नाव चढलं की ते उतरवायला काय लागतं, हे मला कुणी सांगायला नको.

कोर्टातला एक मित्र वकील आहे, त्याने कागद पाहिला. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ मध्ये लेखकाच्या बाजूचं बरंच आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. यांनी दोन्ही लिहून ठेवलं होतं, म्हणजे कायदा त्यांनीही वाचलेला. पण दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो गळून पडतो, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. ते म्हणायला ते विसरले. त्यामुळे अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे न वापरलेले हक्क परत आले, असं आम्ही नोटिशीत कळवलंय. छापील पुस्तकाचा करार संपवण्यासाठी ९० दिवसांची नोटीस दिली आहे. ती पुढच्या महिन्यात संपते. छपाईची फाइल हवी असेल तर ६,००० रुपये, असा मेल आला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगातही जाता येईल, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र ‘तू ग्राहक की धंदेवाला’ हा मुद्दा ते काढतील, असं वकील म्हणतो.

पैसे देऊन पुस्तक काढणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे पदरमोड करून पुस्तक काढायची रीत जुनी आहे. जुन्या पुस्तकांत ‘प्रकाशिका’ म्हणून लेखकाच्या बायकोचं नाव कितीदा दिसतं! पण तिथे पैसे आपले, गठ्ठा आपला आणि हक्कही आपले. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाला ती लागू होते. मला ती पहिलं पुस्तक निघाल्यावर कळली. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवायला काहीच पडत नाही.

पुस्तक निघालं की नंबर कुठून फिरतो कोण जाणे, पण ‘राज्यस्तरीय पुरस्कारा’चे फोन सुरू होतात. शाल, ट्रॉफी, नोंदणी शुल्क १,५००. शेजारच्या अकरावीतल्या मुलीने ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’त दोन कवितांसाठी ७०० रुपये भरले आणि एक प्रत मिळवली. तिच्या आईला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, माझ्याच माळ्यावर ६१ आहेत.

एकूण खर्च ६८,८८०. समारंभातून आले ५,५५०. रॉयल्टी हजारावर गेल्याशिवाय बँकेत येत नाही, आणि परवापर्यंत ती होती १९२.५०, म्हणजे अकरा प्रतींची. हे अकराही जण मला नावानिशी माहीत आहेत : मेहुणा, तीन सहकारी, रविवारचे ते चार, पुण्यातली आतेबहीण, वकील आणि मी स्वतः, सगळं चालतंय का हे बघायला. पाचपैकी दीड तारा देतो. एक मुखपृष्ठाचा, अर्धा पार्सलचा.

परवा खातं उघडलं तर रक्कम २१० झालेली. बारावी प्रत गेली. घरात विचारलं, ऑफिसात विचारलं, आतेबहिणीला फोन केला. कुणीच घेतलेली नाही. घेणाऱ्याचा पत्ता कंपनी देत नाही. त्या माणसाकडे नेमकी कुठली आवृत्ती गेली असेल, ‘र्या’वाली की शेवट नसलेली, एवढं तरी कळायला हवं होतं.