स्कार्लाटीचा सोनाटा बसवायचाय: के. ३८० की के. १४१?

इटालियन संगीतकार दोमेनिको स्कार्लाटीचे (१६८५–१७५७) ५५५ सोनाटा आहेत, तरी पियानो शिकणारे अनेकजण या दोघांपाशीच येऊन अडतात. ‘के.’ हा संगीत-अभ्यासक राल्फ कर्कपॅट्रिकच्या १९५३च्या सूचीतला क्रमांक. साचा दोन्हींचा एकच: एकसलग रचना, तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा.

निवड करताना आधी आपलं वाद्य पाहा, बोटं नंतर. के. १४१ (डी मायनर, ३/८ ताल, म्हणजे दर बारमध्ये तीन मात्रा) मध्ये उजवा हात एकच सूर एका बारमध्ये सहा वेळा वाजवतो, तोही वेगात. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येता पुन्हा वाजते. अपराइटवर (उभ्या पियानोवर) ती जवळजवळ पूर्ण वर यावी लागते, आणि पट्टीखाली दोनच सेन्सर असलेल्या डिजिटल पियानोचीही तीच अडचण. तिथे सूर गळतात. दोष बोटांचा नसतो. तीन सेन्सरचा डिजिटल असेल तर बिनधास्त घ्या.

बोटं ३-२-१, ३-२-१ अशी (१ म्हणजे अंगठा) बदलतात, आणि खरी फसगत इथेच होते. तिसऱ्या बोटावर नकळत जोर पडला की सहा सूर तीन-तीनच्या दोन गटांत ऐकू येतात आणि ३/८ची लय नाहीशी होते. हवेत दोन-दोनचे तीन गट. म्हणून संथ लयीत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सुराला मुद्दाम जोर देऊन घोका, मग तो जोर काढून टाका. डाव्या हाताच्या कॉर्डमध्ये लगतचे सूर एकत्र दाबायचे असतात. ती छपाईची चूक नव्हे. स्पॅनिश गिटार खरवडल्याचा तो आवाज आहे आणि या रचनेचं सगळं तेज त्यात आहे.

के. ३८० (ई मेजर, ३/४, आंदान्ते कोमोदो म्हणजे निवांत चालीत) कुठल्याही वाद्यावर वाजतो. पण त्याला सोपा समजू नका. पहिल्याच ओळीत ट्रिल (लगतचे दोन सूर झपाट्याने आलटून-पालटून वाजवणं) आहेत. बरोक काळाच्या (स्कार्लाटीच्या काळाच्या) रिवाजाप्रमाणे त्या वरच्या सुरापासून, ठोक्यावरच सुरू करायच्या. ट्रिलमध्ये जास्त सूर कोंबले की डाव्या हाताची लय ढासळते. आधी ट्रिल गाळून वाजवा, मग चारच सूर घाला, स्थिर झाल्यावर वाढवा. पुढे दुरून शिंगं फुंकल्यासारखा भाग येतो, तिथे पेडल दाबून ठेवलं तर सगळं धूसर होतं. बरीच वाक्यं लगोलग दोनदा येतात. दुसऱ्या वेळी आवाज कमी केला तर ती जिवंत होतात.

बहुतेकांनी आधी ३८०च घ्यावा. वेगाचा आडोसा नसल्यामुळे तो हाताला जास्त शिकवतो. दोन्ही जड वाटले तर के. ३२ छोटा आणि गाता आहे, त्यापासून सुरुवात करा.

प्रत विकत घेताना सावध राहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, अलेस्सांद्रो लाँगोने संपादित केलेल्या आवृत्तीत स्कार्लाटीचे कर्कश सूर अनेक ठिकाणी ‘सुधारले’ आहेत. १४१च्या डाव्या हातात ते लगतचे सूर दिसले नाहीत, तर ती प्रत परत ठेवा.